सफरचंद, भट्टी आणि मताची पेटी

(या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना जे अडखळले, खोकले, शेजारच्या कुत्र्याला गप्प बसवलं, ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा भाग एका फुगलेल्या बाटलीपासून सुरू होतो.

झालं असं की, दिवाळीच्या आधी माझी रूममेट हिमाचलहून सफरचंदांची पेटी घेऊन आली. वरची चांगली आम्ही खाल्ली, वाटली. खालची दबलेली, डागाळलेली उरली. टाकवेनात. मग मिक्सरमधून काढून, फडक्यातून गाळून त्यांचा रस एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली ओट्यावर ठेवली. फ्रीजमध्ये ठेवू म्हणता म्हणता दोघी दिवाळीला आपापल्या घरी निघून गेलो.

आठ दिवसांनी परत आले तर बाटली टम्म फुगलेली! तिचा तळसुद्धा गोल झाला होता, उभी राहीना. झाकण जरा सैल केलं मात्र, फस्सकन फेस छतापर्यंत. ओटा, भिंत, मी, सगळे चिकट. आणि घरभर एक वास. वाईट नव्हता हं. आंबूस, गोडसर, थोडा पावासारखा.

रूममेट दारातूनच म्हणाली, "अगं, ही तर दारू झाली. आता उकळवली की ब्रँडी!"

ते सगळं मी मोरीत ओतलं. पण तिचं वाक्य काही डोक्यातून जाईना. दारू झाली. म्हणजे कुणी केली? मी तर गावाला होते. आणि ती उकळवायची म्हटलं असतं, तर नेमकं काय बदललं असतं?

हे शोधत गेले तेव्हा रसायनशास्त्रापासून सुरुवात झाली आणि शेवट झाला माझ्या आजीच्या डब्यापाशी. कसा, ते सांगते.

बाटलीत काय झालं?

आधी बाटलीचं कोडं सोडवू. सफरचंदाच्या सालीवर, हवेत, मिक्सरच्या भांड्यावर यीस्ट असतं. डोळ्यांना न दिसणारी बुरशीच्या जातीची एकपेशीय मंडळी. रस मिळाला की ती त्यातली साखर खातात आणि दोन गोष्टी बाहेर टाकतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. माझी बाटली फुगली ती त्या वायूनं. हे सजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरनं 1857 पासूनच्या पुढच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं हे करत होती, पण करतंय कोण ते माहीत नव्हतं.

सफरचंदाच्या रसात साखर साधारण शंभरात दहा-बारा भाग. ती सगळी आंबली की पाच-सहा टक्के अल्कोहोल होतं. त्याला म्हणतात सायडर. आणि हे सायडर हवेला उघडं राहिलं की दुसरे जीवाणू येतात आणि त्याचा शिरका करून टाकतात. म्हणजे निसर्गाचा रस्ता सरळ आहे: रस, मग दारू, मग शिरका. माणसानं काहीच केलं नाही तरी गाडी त्याच रस्त्यानं जाते.

ब्रँडी मात्र या रस्त्यावर नाही. ती आपोआप होत नाही. त्यासाठी मुद्दाम भट्टी लावावी लागते. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. सायडर तापवलं की आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. ती वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची. शाळेत आपण याला ऊर्ध्वपातन म्हणायचो आणि पाच मार्कांसाठी आकृती काढायचो.

तर हा फरक लक्षात ठेवा, मंडळी. आंबणं हे यीस्टचं काम. भट्टी हे माणसाचं काम. आणि जिथे माणसाचं काम सुरू होतं, तिथेच दारात सरकार येऊन उभं राहतं. आजची सगळी गोष्ट त्या दाराची आहे.

पाऊस, गायी आणि सफरचंदं

सफरचंदाच्या ब्रँडीची गोष्ट सांगायची तर फ्रान्सच्या वायव्येला जायला हवं. नॉर्मंडी. समुद्रकाठचा, ओला, ढगाळ प्रदेश. फ्रान्स म्हटलं की आपल्याला द्राक्षं आठवतात, पण इथे ऊन इतकं कमी की द्राक्षं नीट पिकत नाहीत. सफरचंद मात्र झकास येतं. इथली जुनी पद्धत अशी की उंच खोडाची झाडं लावायची, फांद्या गायींच्या तोंडापासून वर ठेवायच्या आणि खाली गवतात गायी चरायला सोडायच्या. एकाच जमिनीतून दूधही आणि सायडरही.

ही सफरचंदं आपल्या बाजारातल्यासारखी नसतात हं. लहान, खरबरीत, काही इतकी तुरट की चावली तर जीभ आत ओढली जाते. गोड, कडू, आंबट अशा वेगवेगळ्या जाती मिसळून रस काढतात. तुरटपणामुळे चव टिकते, आंबटपणामुळे रस नासत नाही आणि गोडव्याची दारू होते. आपली आजी लोणच्याच्या कैऱ्या निवडते ना, तसलंच ते डोकं.

फळं शरद ऋतूत झाडावरून आपोआप पडू देतात किंवा काठीनं पाडतात. मग ढीग करून थोडे दिवस मुरू देतात. पूर्वी ती ठेचायला दगडाची गोल पन्हळ असे. त्यात उभं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला घोडा, गोल गोल फिरणारा. आपल्याकडचा बैलाचा तेलघाणा आठवा, बस तसंच. ठेचलेल्या लगद्याचे थर गवताच्या काड्यांमध्ये रचायचे आणि वरून लाकडी दाबयंत्रानं पिळायचे. रस लाकडी पिंपांत. मग हिवाळा. थंडीत यीस्ट हळूहळू काम करतं. माझ्या ओट्यावर जे आठ दिवसांत धसमुसळेपणानं झालं, ते तिथे आठवडेच्या आठवडे, कधी महिने चालतं.

आता हा हिशोब ऐका. साधारण 18 किलो सफरचंदांतून 13 लिटर सायडर निघतं, पाच टक्क्यांचं. ते भट्टीतून काढलं की हातात येतो जेमतेम एक लिटर, सत्तर टक्क्यांचा. पोतंभर फळांची एक बाटली! शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. सायडरची पिंपं जड, जागा खाणारी, उन्हाळ्यात आंबट होणारी. ब्रँडीची बाटली कपाटात मावते, नासत नाही आणि वर्षं जातील तसा तिचा भाव वाढतो. ज्या वर्षी फळ फार येईल, त्या वर्षाची ती बँकच. म्हणून भट्टी.

वहीतली एक नोंद

ही भट्टी केव्हापासून? इथे एक माणूस भेटतो, मला फार आवडलेला. जिल द गुबेरव्हिल. सोळाव्या शतकातला छोटा जमीनदार, शेरबुर्ग बंदराजवळच्या मेनिल-ओ-व्हाल गावचा. कुठली लढाई जिंकली नाही, कुठला शोध लावला नाही. पण त्याला रोज लिहायची सवय होती. कुणाला किती मजुरी दिली, कुठलं कलम कुठे बांधलं, कोण आजारी पडलं, किती सायडर भरलं. त्याच्या 1549 ते 1562 या काळातल्या वह्या टिकल्या, आणि 1553 मधल्या मार्चच्या एका नोंदीत सायडरपासून अर्क काढण्याचा उल्लेख येतो. सफरचंदाच्या ब्रँडीचा लेखी इतिहास सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात.

मंडळी, म्हणूनच म्हणते, घरखर्चाच्या वह्या फेकू नका. कोण जाणे, चारशे वर्षांनी कुणाचा पॉडकास्ट त्यावर चालेल!

पुढे ही ब्रँडी वाढत गेली, तशी द्राक्षवाल्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या दारूचे व्यापारी तगडे होते. 1713 मध्ये राजाज्ञा निघाली: द्राक्षाशिवाय दुसऱ्या कशाचीही ब्रँडी काढायची नाही. नॉर्मंडीला सूट मिळाली, पण ती तिथल्या तिथे खपवायची, बाहेर विकायची नाही. म्हणून कोन्याक जगभर गेली आणि सफरचंदाची ब्रँडी गावातच राहिली. तिला पुढे जिल्ह्याचं नाव मिळालं, काल्वादोस. हा जिल्हासुद्धा राज्यक्रांतीनंतर 1790 मध्ये आखलेला.

म्हणजे काय, तर राजानंच ठरवलं की ही घरची गोष्ट आहे. आणि घरची गोष्ट म्हटली की लोक तिला आपला हक्क मानायला लागतात.

चाकांवरची भट्टी

आता खरी गोष्ट सुरू होते. फ्रेंचमध्ये एक शब्द आहे, बुइय्योर द क्रू. म्हणजे स्वतःच्या झाडांचं फळ आंबवून त्याची भट्टी लावणारा माणूस. धंदेवाला नव्हे, घरापुरता काढणारा.

राज्यक्रांतीत राजाचे दारूवरचे कर उडाले. नेपोलियनच्या काळात, 1804 पासून, ते नव्या नावानं परत आले. पण स्वतःच्या फळाची, स्वतःच्या घरात लागणारी दारू करातून बाहेर ठेवायची ही कल्पना रुजली. गावात लोक सांगायचे की हा हक्क नेपोलियननं आमच्या खापरपणजोबांना शौर्याबद्दल दिला. दंतकथाच ती. पण लोकांना आपल्या सवलतीला इनाम म्हणायला आवडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

प्रत्येकाकडे तांब्याची भट्टी कुठून असणार? मग हिवाळ्यात फिरता भट्टीवाला यायचा. चाकांवर चढवलेलं तांब्याचं धूड, चिमणी, नळ्या. आपल्याकडे कल्हईवाला यायचा तसा. चौकात किंवा ओढ्याकाठी तो मुक्काम टाकायचा, कारण वाफ थंड करायला पाणी लागतं. गाव आपापली पिंपं घेऊन रांगेत. खाली लाकडं, वर धूर आणि बाजूला म्हातारे गप्पा मारत. जगातल्या सगळ्या रांगांमध्ये ही बहुधा सगळ्यात आनंदी रांग असेल.

तांबंच का? कारण तांबं सायडरमधली गंधकाची घाण वासाची संयुगं धरून ठेवतं. पेई दोज नावाच्या भागात अजूनही दोनदा भट्टी लावतात. पहिल्या फेरीत तीसेक टक्क्यांचं पाणी मिळतं, दुसऱ्या फेरीत सत्तरपर्यंत. आणि एक गंमत. आपण 'पहिल्या धारेची' हा शब्द कौतुकानं वापरतो. तिकडचा भट्टीवाला अगदी सुरुवातीची धार वेगळी काढतो, कारण ती उग्र असते. शेवटचीही वेगळी काढतो, कारण ती मचूळ. मधली तेवढी 'हृदय' म्हणून ठेवतो. मग ओकच्या पिंपात कमीत कमी दोन वर्षं. भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखी पांढरी असते. तो मधाचा रंग येतो तो लाकडाचा.

पण या रांगेत एक नावडता पाहुणाही असायचा. कर अधिकारी. लोक त्याला म्हणायचे 'तळघरातला उंदीर', कारण तो तळघरात शिरून पिंपं मोजायचा. किती काढली, किती घरात ठेवली, किती गुपचूप विकली? घरापुरती म्हणजे नक्की किती? एका घराची तहान सरकारनं कशी मोजायची?

सरकार मागे का हटलं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न पेटला. फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं 1860 च्या दशकापासून फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. वाइन महागली, तसा सफरचंदाचा भाव वधारला. त्याच सुमारास डॉक्टर आणि दारूबंदीवाले ओरडू लागले की खेड्यापाड्यांत दारूनं घरं बुडताहेत. नॉर्मंडीचं नाव त्यात पुढे होतं. सकाळच्या कॉफीत ब्रँडी, जेवणाच्या मध्यात एक घोट, निघताना एक. या प्रत्येक घोटाला तिथे लाडाचं नाव आहे. लाडाची नावं आहेत म्हणजे घोट किती मुरले होते बघा.

1903 मध्ये सरकारनं घरच्या भट्ट्यांची सवलत आवळली. तीन वर्षांत, 1906 मध्ये, ती पुन्हा सैल करावी लागली.

का? उत्तर अगदी साधं आहे. घरी भट्टी लावणारे लोक लाखोंनी होते, आणि ते मतदार होते. प्रत्येक खेड्याच्या आमदार-खासदाराला माहीत होतं की भट्टीला हात लावला तर पुढच्या निवडणुकीत आपलाच अर्क निघेल.

पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, करमाफीला 10 लिटर शुद्ध अल्कोहोलची मर्यादा घातली गेली आणि पुढे तोच आकडा रूढ झाला. 10 लिटर शुद्ध म्हणजे पन्नास टक्क्यांची 20 लिटर. वर्षाला एका घराला 20 लिटर ब्रँडी बिनकराची! कमी नाही हं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अल्कोहोल उद्योगांसाठी आणि इंधनासाठी उचललं जाऊ लागलं. तेव्हा 1942 मध्ये पेई दोजच्या काल्वादोसला मूळस्थानाचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि ती जप्तीतून वाचली. आपल्याकडे जीआय म्हणतात, त्याच जातीचा हा दर्जा. गोव्याच्या काजू फेणीला जीआय मिळाला 2009 मध्ये.

दूध पिणारा पंतप्रधान

आता 1954. फ्रान्सचा पंतप्रधान होता पिएर मांदेस फ्रान्स. हा गृहस्थ संसदेत भाषण करताना समोर दुधाचा ग्लास ठेवायचा. शाळांमध्ये मुलांना दूध वाटायची योजना त्यानं सुरू केली. व्यंगचित्रकारांना दिवाळी! वाइनच्या देशाचा पंतप्रधान दूध पितो म्हणजे काय?

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानं घरच्या भट्टीची करमाफी फक्त खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांपुरती राखायचा हुकूम काढला. गंमत कुठे आहे माहितीये? हा माणूस निवडून यायचा अूर जिल्ह्यातून. अूर कुठे? नॉर्मंडीत. ज्यांच्या मतांवर बसलो, त्यांच्याच भट्टीत त्यानं पाणी ओतलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याचं सरकार पडलं. पडलं ते उत्तर आफ्रिकेच्या प्रश्नावर, दारूवर नाही. पण दारूवाल्यांच्या लॉबीनं सुतक पाळलं नसणार, एवढं नक्की.

शेवटी 1960 मध्ये, द गॉल सत्तेवर असताना, तोड निघाली, आणि ती मला फार चतुर वाटते. ऑगस्टमधल्या वटहुकमानं सांगितलं: ज्यांच्याकडे आज ही करमाफी आहे त्यांची काढून घेणार नाही. ती मरेपर्यंत तुमची. तुमच्यामागे तुमच्या जोडीदाराची. पण मुलांना वारशानं मिळणार नाही.

बघा काय केलं! एकही भट्टी फोडली नाही. एकाही म्हाताऱ्याच्या दारात पोलीस पाठवला नाही. सरकार फक्त थांबून राहिलं. फळझाडं असलेला माणूस आजही तिथे रीतसर नोंद करून, कर भरून आपल्या फळाची ब्रँडी काढू शकतो. पण ती जुनी इनामासारखी करमाफी माणसागणिक विझत गेली. 1960 मध्ये विशीत असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गावात एक अंत्ययात्रा निघते आणि एक हक्क तिच्याबरोबर जातो.

आजीचा डबा

इथपर्यंत वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि मला आजीची आठवण आली. आईची आई. गाव कर्जतच्या बाजूला, आताच्या रायगड जिल्ह्यात. हा जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता.

आजीकडे एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात सुकवलेली मोहाची फुलं. मनुकांसारखी दिसायची. ती भाजून, गूळ घालून कुटून आम्हाला द्यायची. त्या वासासाठी मी अजूनही जीव टाकीन. पण त्याच फुलांची दारू होते, हा विषय निघाला की आजी उठून आत जायची. आजोबा पीत असत. किती आणि कसे, ते घरात कुणी बोलत नाही. आजीच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

तर मोहाचा कायदा. आता ऐका. इंग्रजांनी 1878 मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या मक्त्याच्या भट्ट्यांत काढायची आणि तिथून कर वसूल करायचा, हे धोरण. आपल्या उरणच्या भट्ट्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या. पण मोहाचं झाड तर जंगलात उभं. फुलं पहाटे जमिनीवर पडतात. ती वेचून, पाण्यात आंबवून, मडक्याच्या भट्टीवर कुणीही दारू काढू शकतं. मग सरकारनं काय केलं? 1892 चा मोहवा कायदा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत थेट फुलावरच निर्बंध. गोळा करण्यावर, बाळगण्यावर.

म्हणजे बघा हं. कातकरी, ठाकर, वारली माणसं टंचाईत जे फूल खाऊन दिवस काढायची, ते फूल घरात असणं हाच संशय. आजीचा तो डबा त्या काळात पुरावा ठरला असता.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. तेच शतक, तोच प्रश्न: स्वतःच्या परिसरातलं फळ किंवा फूल, घरच्या घरी आंबवायचं, त्यावर सरकारचा हक्क किती? नॉर्मंडीत सरकारनं कायदा आवळला आणि तीन वर्षांत मागे घेतला. कुलाब्यात सरकारनं फुलालाच आरोपी केलं. फरक यीस्टमध्ये नव्हता. फरक मताच्या पेटीत होता. नॉर्मंडीच्या शेतकऱ्याकडे मत होतं. कर्जतच्या कातकऱ्याकडे नव्हतं.

मी इथेच थांबणार होते, खरं सांगते. भाग छान संपला असता. पण आजीचं मनगट आठवलं आणि मला एक तारीख शोधावीशी वाटली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार कधी मिळाला?

1944 मध्ये. पहिल्यांदा त्यांनी मत टाकलं 1945 मध्ये.

म्हणजे 1906 मध्ये लाखो मतदारांनी घरची भट्टी वाचवली, तेव्हा त्यात घरातली बाई नव्हतीच. जिच्या घरात ती 20 लिटर मुरत होती, जिच्या पोरांच्या वाट्याचे पैसे त्यात जात होते, तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि दूध पिणारा पंतप्रधान, 1960 चा वटहुकूम, हे सगळं बायका मतदार झाल्यानंतरचं. बायकांनी मत दिलं म्हणून भट्ट्या विझल्या असा सरळ दोरा मी ओढत नाहीये. त्यामागे डॉक्टर होते, तिजोरी होती, बदललेलं शेत होतं. पण 'लोकांचा हक्क' म्हणताना त्यातले लोक कोण, हे मोजायला मी त्या दिवशी शिकले.

आपल्या महाराष्ट्रात तर यासाठी एक खास पद्धतच आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की ठेवायचं, यावर बायकांचं मतदान होतं. चिन्हं दोन: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मला वाटतं, नॉर्मंडीच्या त्या रांगेत असं एखादं मतदान झालं असतं, तर इतिहास जरा वेगळा वाचायला मिळाला असता.

मग बाटलीचं काय?

आता तुमच्यापैकी काहीजण मेसेज करतील, "ताई, पण घरी करता येते का?" थेट सांगते. आपल्याकडे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी भट्टी लावणं गुन्हा आहे. बरं, कायदा सोडा. उघड्या आगीवर अल्कोहोलची वाफ म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब. आणि विषारी दारू म्हणजे काय ते आपण 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत पाहिलंय. शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे घात केला तो मिथेनॉलनं, उद्योगात वापरल्या जाणाऱ्या विषानं. ते दिसायला आणि वासाला साध्या अल्कोहोलसारखंच असतं. म्हणजे पिणाऱ्याला कळायचा मार्गच नाही.

मला या सगळ्यातून एवढंच कळलं. सफरचंद आंबतं, मोह आंबतो, काजूचं बोंड आंबतं. त्यात कुणाचा गुन्हा नाही आणि कुणाचं इनामही नाही. ते यीस्टचं चाललेलं असतं. पण त्याची भट्टी लावायची ठरली की तीन माणसं समोर येतात: फळ ज्याचं आहे तो, कर ज्याला हवाय तो, आणि रात्री दार जिला उघडावं लागतं ती. पहिल्या दोघांच्या भांडणाचे कायदे, तारखा, वटहुकूम सगळे सापडतात. तिसरीची नोंद गुबेरव्हिलच्या वहीसारख्या कुठल्या वहीत राहिलेली नाही. माझ्या घरी ती एका मनगटात होती.

यंदा मी आजोळी गेले तर मामीकडे मोहाची फुलं मागणार आहे. भाजून, गूळ घालून. डबा अजून आहे म्हणे.

तुमच्या घरी, गावात अशी काही गोष्ट असेल, फुलाची, फळाची, भट्टीची किंवा ती बंद पाडणाऱ्या बायांची, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. आणि हो, सफरचंदाचा रस काढलात तर फ्रीजमध्ये ठेवा. झाकण सैल!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.